सोलर, गिझर आणि बंब: सांगली-साताऱ्यात गरम पाण्याच्या साधनांची निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कृष्णाकाठच्या नळाचं पाणी एक, जत-आटपाडीच्या बोअरचं दुसरं आणि साताऱ्याला कासच्या तलावातून येणारं तिसरंच. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले तीन गिझर या तीन घरांत लावले, तर तिघांचं आयुष्य वेगवेगळं निघतं. म्हणून "वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करा" हा छापील सल्ला मला अपुरा वाटतो. आधी आपलं पाणी ओळखायचं, मग निगा किती आणि कधी ते ठरवायचं. खालची उत्तरं त्याच क्रमानं दिली आहेत.

आमचं पाणी जड आहे की हलकं, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

बहुतेक घरांना ते आधीच माहीत असतं, फक्त त्याचा गिझरशी संबंध जोडलेला नसतो. साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही, पाणी उकळायच्या पातेल्याच्या तळाशी पांढरं पुट धरतं, शॉवरची भोकं बुजतात. ही सगळी जड पाण्याची लक्षणं. खात्री हवी असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं किंवा आरओचं पाणी, दुसरीत आपलं. दोन्हींत तेवढाच साबण किसून टाका आणि जोरात हलवा. जड पाण्यात फेसाऐवजी साय आल्यासारखा गाळ दिसतो.

नेमका आकडा हवा असेल तर पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते. अहवालात "एकूण कठीणपणा" हा रकाना बघायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चांगला धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पण ही मर्यादा पिण्याची आहे, गिझरची नव्हे. ४०० चं पाणी तुम्ही वर्षानुवर्षं पीत असाल, गिझरची कॉइल मात्र त्यात फार टिकणार नाही.

एक सावधगिरी. आरओवाले दाखवतात तो टीडीएस मीटर कठीणपणा मोजत नाही, पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो. सवळ पाण्यात मीठ जास्त असतं, त्यामुळे आकडा मोठा येतो, पण मिठाचा थर बसत नाही. तिथं त्रास वेगळा असतो. मीठ धातू खातं, टाकी आतून गंजते. जड पाण्याचा आणि सवळ पाण्याचा उपाय एक नाही, म्हणून दोन्ही आकडे बघावेत.

हा पांढरा थर येतो तरी कुठून? पाणी तर स्वच्छ दिसतं.

जमिनीखालून मुरत येताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं. गार पाण्यात ते बायकार्बोनेटच्या रूपात असतं, म्हणून दिसत नाही. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेलं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जवळपास खडूच, सर्वांत गरम भागावर जाऊन बसतं. गिझरमध्ये तो भाग कॉइल, बंबात मधली नळी, सोलरमध्ये काचेची किंवा तांब्याची नळी. पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर जास्त, आणि ६० अंशांच्या पुढे तर तो फारच भरभर वाढतो.

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव या भागांत बोअर जितकं खोल गेलं तितकं पाणी जड, असा अनेकांचा अनुभव आहे. कासचा तलाव डोंगरमाथ्यावरच्या पावसाचा, त्यामुळे ते पाणी हलकं. नळ आणि बोअर दोन्ही असतील, तर सोलर आणि गिझरला नळाचं पाणी जोडा आणि बोअरचं धुण्या-पुसण्याला ठेवा. माझ्या मते पैसे न घालता करता येणारी सर्वांत मोठी निगा हीच.

क्षार बसला की वीजबिल वाढतं का?

लोक समजतात तेवढं नाही. गिझरची कॉइल पाण्यात बुडालेली असते. थर असो वा नसो, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे बिलावर थोडाच फरक पडतो.

खरं नुकसान दुसरीकडे होतं. थर उष्णता अडवून धरतो, त्यामुळे कॉइलचं स्वतःचं तापमान वाढत जातं आणि एक दिवस ती फुटते. फुटलेल्या कॉइलमधून पाण्यात करंट उतरू शकतो, आणि माझी खरी काळजी ही आहे. थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षार चढला, की पाणी किती तापलं हे त्याला वेळेवर कळत नाही. गाळ साचून टाकीत पाणी मावतं तेही कमी होतं. "पूर्वी दोन बादल्या निघायच्या, आता दीडच निघते" ही तक्रार बऱ्याचदा गाळाची असते.

बंब आणि सोलर यांची गोष्ट वेगळी. तिथं उष्णता बाहेरून धातू किंवा काच पार करून पाण्यात जाते. थर मध्ये आला की उष्णता खरोखर वाया जाते: बंबात धुराड्यातून, सोलरमध्ये हवेत.

गिझरमधला क्षार कसा काढायचा? ॲसिड टाकलं तर चालतं का?

संडास धुवायचं ॲसिड कधीही टाकू नका. क्षार पटकन विरघळतो खरा, पण त्यातलं क्लोराइड स्टीलच्या टाकीला बारीक भोकं पाडतं आणि काचेचा मुलामा असलेल्या टाकीतही जिथं मुलामा उडालेला आहे तिथून लोखंड खातं. त्याऐवजी किराणा दुकानात मिळणारं लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरा.

आधी गिझरचा स्विच नव्हे, मेन स्विच बंद करा. गार पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करा आणि थंड होऊ द्या. खालची प्लेट उघडून कॉइल बाहेर काढा. जाड पापुद्रे लाकडी काडीनं हलकेच पाडा. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नका, वरचा पत्रा फाटतो. मग लिटरभर कोमट पाण्यात पन्नासेक ग्रॅम लिंबाचं फूल विरघळवून त्यात कॉइल बुडवून ठेवा. वायरी जोडायची टोकं मात्र पाण्याबाहेर राहू द्या. बुडबुडे येणं थांबलं की काम झालं, नाहीतर पाणी बदलून पुन्हा. टाकीच्या तळाचा गाळ हातानं काढून पाणी सोडून धुवून घ्या. प्लेटचं रबरी वॉशर नवीनच घाला, जुनं पुन्हा बसवलं की गळतं.

उघडलंच आहे तर मॅग्नेशियमचा रॉडही बघून घ्या. हा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजू देत नाही. झिजून नुसती तार उरली असेल तर लगेच बदला. त्याची किंमत टाकीच्या मानानं किरकोळ असते, तरीही बहुतेक घरांत गिझर गळायला लागेपर्यंत असा रॉड असतो हेच कुणाला माहीत नसतं. सवळ पाण्यात तो फार लवकर संपतो.

परत बसवल्यावर आधी टाकी पूर्ण भरा, गरम पाण्याच्या नळाला सलग धार आली की मगच बटण दाबा. रिकाम्या टाकीत चालू झालेली कॉइल मिनिटांत जळते. विजेच्या जोडणीचा सराव नसेल तर हे सगळं इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण समोर उभे राहून.

हे किती दिवसांनी करायचं? हलकं पाणी असेल तर दोन-तीन वर्षांनी चालतं. बोअरच्या जड पाण्यात दरवर्षी, दिवाळीच्या आधी. अभ्यंगस्नानाच्या पहाटे गिझर बंद पडला की मेकॅनिक मिळत नाही.

थर्मोस्टॅट कितीवर ठेवावा?

अंघोळीला चाळीस अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं. जड पाणी असेल तर थर्मोस्टॅट ५० ते ५५ वर ठेवा, क्षार कमी बसतो. ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत कातडी भाजते, घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर हे लक्षात असू द्या. मात्र कोमट साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात. गिझर बरेच दिवस बंद राहिला असेल, तर एकदा ६० च्या वर तापवून ते पाणी सोडून द्या.

गिझर दिवसभर चालूच ठेवला तर वीज वाचते, असं शेजारी म्हणतात. खरं आहे का?

नाही. हिशोब सोपा आहे. १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतं आणि २ किलोवॉटच्या गिझरला त्यासाठी पाव तास पुरतो. चालू ठेवलेला गिझर टाकीच्या भिंतीतून सतत उष्णता गमावतो आणि ती भरून काढायला पुन्हा पुन्हा सुरू होतो. अंघोळीच्या आधी वीस मिनिटं लावा आणि बंद करा. स्टार रेटिंग मुख्यतः ही भिंतीतून जाणारी उष्णताच मोजतं, म्हणून नवा घेताना तारे जास्त असलेला घ्यावा.

सोलर भर उन्हात आहे, तरी सकाळी पाणी कोमटच येतं. काय बिघडलंय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बऱ्याचदा सोलरमध्ये काही बिघडलेलंच नसतं. आधी संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर जाऊन टाकीजवळच्या नळातून पाणी काढून बघा. तिथं चटका बसतो आणि बाथरूममध्ये कोमट येतं, म्हणजे दोष खाली आहे.

पहिला संशयित मिक्सर. गरम-गार दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढे शॉवर किंवा जेटचा नळ बंद केला, की गार पाणी आतल्या आत गरम लाइनमध्ये शिरतं. गार पाण्याची टाकी उंच असते, तिचा दाब जास्त, त्यामुळे ते रात्रभर वर सोलरपर्यंत चढत राहतं. पाहुणे येऊन गेले आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी कोमट झालं, अशी तक्रार असेल तर बाथरूममधले सगळे मिक्सर आधी तपासा. गरम लाइनवर एकतर्फी झडप म्हणजे एनआरव्ही बसवली की हे थांबतं. गार लाइनला प्रेशर पंप असेल तर ती झडप हवीच.

दुसरा दोष पाइपचा. २० मीटर लांब अर्धा इंची पाइपात साडेतीन लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत सहा लिटर. रात्री गार झालेलं तेवढं पाणी आधी बाहेर पडणारच. ते बादलीत धरून झाडांना घाला. पाइपावरचं काळं फोम उन्हानं तडकलेलं असेल तर बदला आणि त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळा, नाहीतर नवंही तसंच फाटेल.

आता संध्याकाळी गच्चीवरच पाणी कोमट निघालं तर मात्र दोष वर आहे. तोंड दक्षिणेला आहे का बघा. आपण साधारण १७ अक्षांशावर आहोत आणि गरम पाणी जास्त लागतं ते हिवाळ्यात, म्हणून पॅनेलचा उतार २७ ते ३२ अंशांचा असावा. शेजाऱ्यानं मजला चढवलाय का, नवीन पाण्याची टाकी मध्ये आलीय का? जूनमध्ये नसलेली सावली डिसेंबरात पडते, कारण सूर्य दक्षिणेकडे खाली उतरलेला असतो. शेवटी हवेचा पाइप बघा. तो गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच आणि तोंडाशी उघडा हवा. तो बुजला की हवा अडकते आणि गरम पाणी वर चढायचं थांबतं.

काचा कितीदा धुवायच्या? आमचं घर साखर कारखान्याजवळ आहे.

मग इतरांपेक्षा जास्त. हंगामात बगॅसची, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याची, काळी राख आणि पाचट जाळल्याची काजळी गच्चीवर पडते आणि पहाटेच्या दवानं ती काचेला चिकटून बसते. हंगाम सुरू असेपर्यंत पंधरा दिवसांनी धुवा, एरवी महिन्यानं चालेल. धुण्याची वेळ पहाटेची किंवा सूर्य मावळल्यावरची. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते. मऊ फडकं आणि साधं पाणी पुरे.

धुताना नळ्यांच्या खालच्या टोकाकडे नजर टाका. तिथं आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो बेरियमचा. डाग पांढरा झाला असेल तर नळीच्या दोन काचांमधली पोकळी संपली आहे आणि ती नळी आता उष्णता धरत नाही. ती एकच बदलायची, पूर्ण संच बदलायची गरज नाही. साताऱ्याच्या डोंगराकडच्या भागात माकडं नळ्या फोडतात, तिथं वर तारेची जाळी लावलेली बरी. वळिवाच्या गारपिटीतही ती उपयोगी पडते.

बोअरच्या पाण्याला नळ्यांचा सोलर चांगला की तांब्याच्या पॅनेलचा?

जड पाण्याला नळ्यांचा. तांब्याच्या पॅनेलमधल्या नळ्या बारीक असतात, क्षारानं बुजल्या की साफ करणं अवघड. काचेची नळी ओढून बाहेर काढता येते, आत गाळ साचलेला दिसतो आणि लांब दांड्याच्या ब्रशनं धुता येतो. वर्षातून एकदा टाकीच्या खालच्या कॉकमधून पाणी जोरात सोडून गाळ काढा. ज्यांचं पाणी फारच जड आहे त्यांनी मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवावा. पाइपावर चुंबक लावून क्षार जातो म्हणतात, त्यावर पैसे घालायचा सल्ला मी देणार नाही.

उन्हाळ्यात पंधरा दिवस गावाला जायचंय. सोलरचं काय करावं?

रिकामा करू नका. पाणी भरलेलंच ठेवा आणि निम्म्या नळ्यांवर बारदान बांधून जा. नाहीतर टाकीत पाणी रोज उकळत राहतं आणि क्षार भरभर बसतो. पाणी संपून नळ्या कोरड्या तापल्या असतील, तर भर दुपारी टाकी भरू नका, नळ्या फुटतात. रात्री भरा.

पावसाळ्यात बॅकअपची कॉइल लावावी का?

लावू नका. २०० लिटरच्या टाकीतली कॉइल सगळ्या पाण्याला तापवते. ३५ अंश वाढवायला आठ युनिटं जातात, आणि तुम्हाला दोन बादल्याच हव्या असतात. जुलै-ऑगस्टपुरता बाथरूममध्ये छोटा गिझर लावणं स्वस्त पडतं.

आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. तो ठेवावा की मोडीत काढावा?

ठेवा. चिपाडं, कणसाची बुरकुंडं, तुराट्या, शेंगांची टरफलं शेतातली असतात, त्यांना पैसे पडत नाहीत. पण बंबाची निगा आता बरीच घरं विसरली आहेत. मधल्या नळीला आतून काजळी धरते आणि पाण्याच्या बाजूनं क्षार. दोन्ही थर उष्णता अडवतात, मग जळण जास्त लागतं आणि बंबाला नाव ठेवलं जातं. काजळी आठवड्यानं सुतळीच्या बोळ्यानं काढा. क्षारासाठी रात्रभर चिंचेचं किंवा लिंबाच्या फुलाचं पाणी भरून ठेवा आणि सकाळी ओता. जाळीखालची राख रोज काढा, हवा खालून आली तरच जाळ नीट धरतो. नळी पाण्याविना कधीही पेटवू नका, सांध्यांची झाळ वितळते. आणि प्लास्टिक, रबर, जुन्या चपला बंबात घालू नका. तो विषारी धूर घरातल्या माणसांच्याच छातीत जातो.

महाबळेश्वर-पाचगणीला घर आहे. तिथं खोली गरम ठेवायला तेलाचा हीटर घेतला, त्याची काय निगा?

फारशी नाही. तेल आत सीलबंद असतं, ते जळत नाही आणि पुन्हा भरायचं नसतं. पात्यांवरची धूळ पुसा, कारण ती तापली की वास येतो. त्यावर ओले कपडे वाळत घालू नका. हीटर भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला थेट लावा, एक्स्टेन्शन बोर्डाला नाही. आडवा करून आणला असेल तर तासभर उभा ठेवून मग चालू करा. दार-खिडक्यांच्या फटी बुजवल्या की हीटर कमी वेळ चालवावा लागतो.

वेण्णा तलावाच्या बाजूला दवबिंदू गोठतात अशा रात्री तिथं येतात. तांब्याच्या पॅनेलचा सोलर त्या थंडीत धोक्यात असतो, पाणी गोठताना फुगतं आणि नळी फाटते. तिथं काचेच्या नळ्यांचा घ्या आणि उघडे पाइप गुंडाळून ठेवा.

गॅस गिझर बाथरूममध्ये लावला तर चालेल ना?

नाही. बंद बाथरूममध्ये जळणारा गॅस हवेतला ऑक्सिजन संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस दाराची कडी उघडायच्या आत बेशुद्ध होतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत लावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणा. महाबळेश्वरला थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याचा धोकाही हाच.

पुराचं पाणी घरात येऊन गेलं. गिझर वाळवून वापरता येईल?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत हा प्रश्न घरोघरी होता. बाहेरून वाळलेला गिझर आतून वाळलेला नसतो. पत्रा आणि टाकी यांच्यामधल्या फोममध्ये पाणी आणि गाळ अडकून राहतो. इलेक्ट्रिशियननं उघडून वायरिंग आणि थर्मोस्टॅट बदलून, मेगरनं, म्हणजे करंट कुठं गळतो ते दाखवणाऱ्या मीटरनं तपासून, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) चालते का हे बघितल्याशिवाय त्याला वीज देऊ नका. पाणी पूर्ण वरून गेलेलं असेल तर नवाच घेतलेला बरा.

सोलर गच्चीवर सुरक्षित राहतो, पण जमिनीतल्या टाकीत गाळ शिरलेला असतो आणि मोटार चालू केली की तो सगळा वर जातो. म्हणून आधी खालची टाकी उपसून धुवा, क्लोरीन टाकून घ्या, मग वरची टाकी धुवा. सोलरकडे जाणारा कॉक तोपर्यंत बंदच ठेवा.